सायलीसाठी मांडलेली खुर्ची

मंडळी, दुपारी इथल्या, आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या, सरावाच्या हॉलमधून घरी आलोय, पण मन अजून तिथेच आहे.

आमच्या ढोल पथकातली सायली, वय चोवीस, कॅन्सरचे उपचार संपल्यावर आज पहिल्यांदा सरावाला आली. आम्ही तिच्यासाठी गादीची खुर्ची मांडली, हीटर तिच्याकडे वळवला, शिरा पुढे केला. ती थोडा वेळ बसली आणि मला म्हणाली, "दादा, मी काय पाहुणी आहे का? ढोल द्या."

केमोमुळे तिच्या हातापायांची बोटं बधिर झालीत. हातात काय धरलंय ते नीट कळत नाही. नागपूरहून आलेल्या तिच्या आई लगेच उठल्या. "पडशीन ना बाप्पा!"

"आई, छोटा ढोल चालेल म्हणालीय फिजिओ. म्हणाली, यू'ल बी ग्रँड, काही होणार नाही."

"तिचं काय जाते ग्रँड म्हणायला!"

सायलीने ढोल कमरेला बांधला. टिपरू दोनदा हातातून सुटलं. तिसऱ्यांदा सुटलं, तेव्हा ते आईंनीच उचललं, आपल्या स्कार्फने तिच्या मुठीला घट्ट बांधलं आणि म्हणाल्या, "वाजव आता. अन् हळूच वाजवायचं असंन तर घरी चल."

तिचा पहिला ठोका पडला आणि आम्ही सगळे आपापलं वाजवायचं विसरलो. इतकं सोसलेल्या शरीरात हा आवाज कुठे राहिला होता?

ती खुर्ची शेवटी मीच वापरली. तिचा ढोल ऐकत बसलो.

आजारातून परतलेल्या माणसाला आपण आधी बसवतो. त्याला काय हवंय, हे तुम्ही कधी विचारलंत? काय म्हणाला तो?