मोठ्या बटनाचा कॉम्प्युटर

माझा पहिला कॉम्प्युटर मायनं निवडला, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. मायला फोन उचलता येतो, ठेवता येत नाही. पण मलकापूरच्या त्या दुकानात माझ्या एवढ्या अभ्यासाला तिनं हिंग लावूनही विचारलं नाही.

मी व्हिडिओ पाहून पाहून सगळं ठरवून गेले होते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, जुन्या डिस्कऐवजी एसएसडी काऊन घ्यायची. मोताळ्याचा एक प्रेसवाला म्हणाला होता, स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर लग्नपत्रिकांचं अन् बॅनरचं डिझाइन घरी बसून कर. घरी बसून, हेच महत्त्वाचं. नाहीतर मला पुण्याला जाऊन नोकरी धरावी लागणार होती, आणि वावरातल्या घरात माय एकटी राहणार होती. बाबा गेल्यापासून मी तिला गावातसुद्धा फार वेळ एकटं सोडत नव्हते.

दुकानदार एकेक वस्तू काउंटरवर मांडायचा आणि माय प्रत्येक वेळी एकच विचारायची, "हे करंट मारते का, भाऊ?"

"नाही मावशी, यात तर टॉर्चएवढाही दम नाही."

"करंट सांगून मारते का?"

माझ्या प्रोसेसरला बसेल असा नवा मदरबोर्ड त्याच्याकडे नव्हता. त्यानं एक वापरलेला काढून दिला. दुकानांत कॅमेरे बसवणाऱ्या एकाचा होता म्हणे, एकदम चालू कंडिशन. मायनं तो हिरवा पत्रा दुरूनच पाहिला. "तो मानूस जिता हाये ना?" दुकानदार हसला. हाये म्हणाला, नवीन घेतला त्यानं. माय हसली नाही.

कॅबिनेटवरून मात्र आमचं वाजलं. मला काचेचं, रंगीत दिव्यांचं हवं होतं. त्याचं बटन वरच्या कडेला, डाळीच्या दाण्याएवढं. मायनं मागच्या फळीवरचं धूळ खात पडलेलं काळं खोकं दाखवलं. त्याच्या पुढ्यातच चांगलं मोठं गोल बटन होतं.

"हे घे. बंद करायले सापडलं पाह्यजे."

"माय, तू काय मोटार घेऊन राह्यली का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. काळं खोकं आम्ही घरी आणलं.

आमच्या बाबांचा जीव विहिरीच्या मोटारीवर गेला. आमच्याकडे शेतीची लाईट, वावरातल्या घरालाही तीच, कधी येईल याचा काही नेम नसतो. त्यामुळे जो तो विहिरीवरच्या स्टार्टरला 'ऑटो' लावून ठेवतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, माणसाला तिथं जावं लागत नाही. भर दुपारी शिवारात चिटपाखरू नसतं, आणि एकाएकी इकडची मोटार घोंऽ करून उठते, तिकडची उठते, पाणी वाहायला लागतं. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. बाबा त्या दिवशी केबलचा जोड बांधत होते. लाईट गेलेलीच होती, म्हणून ऑटो बंद केला नाही. लाईटच नाही तर काय होते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. जोड हातात असतानाच लाईट आली.

मायनं तो ऑटो उपटून नाल्यात फेकला. आता लाईट आली की ती हातातलं काम टाकून विहिरीवर जाते आणि सुक्या काठीनं स्टार्टरचं बटन दाबते. घरातला बल्बसुद्धा ती काठीनंच लावते. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला लाटणं मिळालं. मी कामाला बसले की माय पोळ्या सोडून यायची, लाटण्याच्या टोकानं बटन दाबायची आणि दोन पावलं मागं व्हायची. मी म्हणायचे, अवं, ते काय साप हाये का? त्या काळ्या बटनावर कायम पिठाचा ठिपका असायचा.

एकदा मी पहिलं डिझाइन द्यायला मोताळ्याला गेले. परत आले तर माय अंगणात उभी आणि दाराला बाहेरून कडी.

"आत कोनीतरी हाये," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्यामुळेच मला भीती वाटली.

"कोन हाये?"

"लाईट आली अन् तुही मशीन उठली. म्या हात नाई लावला. लाटनं पोयपाटावर हाये, पाह्य."

मी कडी काढली. आतल्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता, स्क्रीन उजळलेला होता आणि पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. बटनावरच्या पिठाला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं. मीच बंद करायचं विसरले असेन, असं मी मायला सांगितलं आणि स्वतःलाही तेच बजावलं.

दुसऱ्या दिवशी मी तो नीट बंद केला, दोनदा पाहिलं आणि मायसोबत ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले. शिवार चिडीचूप होतं. मग लाईट आली. नाल्यापलीकडची मोटार उठली, तिच्यामागून शेजारची, मग त्याच्या पलीकडची. आणि आमच्या मागे, घरात, कॉम्प्युटर उठला. त्यांच्यातलाच एक असल्यासारखा. मायच्या हातातून सूप खाली पडलं.

"त्याले ऑटो हाये," ती म्हणाली. "ऑटो घरात आनला तू पोरी. आत्ताच्या आत्ता बाहीर काढ, नाईतर मी जाते वावरातून निघून."

मी रडकुंडीला येऊन दुकानदाराला फोन लावला. तो आरामात म्हणाला, अहो ताई, कॅमेरेवाल्याचा बोर्ड ना तो! लाईट आल्यावर रेकॉर्डिंग आपोआप सुरू व्हावं म्हणून त्यानं तशी सेटिंग ठेवली असेल. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. मी आत गेले, ती ओळ शोधली, बदलली. एवढंच काम होतं. इतक्याशा कामासाठी माय घर सोडायला निघाली होती, याचा मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

"बंद केला ऑटो," मी मायला सांगितलं.

"दाखव."

"आता कसा दाखवू? लाईट जाऊन परत आली की दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाईट गेली. माय भांडी घासत होती. ती उठली, आतल्या खोलीत आली आणि ओला उघडा हात तिनं सरळ कॅबिनेटवर ठेवला. लाटणं नाही, काठी नाही.

"माय, हात काढ!" मी ओरडले. आमच्या घराला धड अर्थिंगही नाही.

"गप बस."

ती तशीच उभी राहिली. मी तिचा दंड धरून ओढला, ती हलेना. काही होत नाही हे मला कळत होतं, तरी मी ओढतच राहिले. तिच्या बोटांवरून राखेचं पाणी ओघळून पिठाच्या ठिपक्याशी येऊन थांबलं. मला पळत जाऊन प्लग काढायचा होता, पण तिचा हात सोडायची हिंमत होईना.

लाईट आली. डोक्यावरचा पंखा फिरला. बाहेर नाल्यापलीकडची मोटार उठली, मग शेजारची, मग लांब लांबच्या. माय मान तिरपी करून ऐकत होती. हाताखालचं खोकं गार पडून होतं.

"नाई झाली वं चालू," ती म्हणाली.

"नाही माय."

"माहा हात होता, तरी नाई झाली."

ती तिथंच, कॅबिनेटला टेकून खाली बसली. बाबा गेले तेव्हा आयाबाया म्हणाल्या होत्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. ती तेव्हा रडली नव्हती. आता तोंडात पदर कोंबून रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "त्याईचा बी हात असाच होता. असाच होता."

मी तिच्याजवळ बसून राहिले. बाहेर सगळ्यांच्या मोटारी चालू होत्या. आमची त्या दिवशी कोणी लावली नाही.