आरशावरची पट्टी

आईच्या पाठीवर रोज सकाळी औषधाची पट्टी लावायची, हे माझं काम. विसरण्याच्या आजाराच्या गोळ्या ती गालात धरून ठेवायची आणि तुळशीत थुंकायची. म्हणून डॉक्टरांनी ही गोल, कातडीच्या रंगाची पट्टी दिली. नियम एकच : जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. एवढं एक काम सांभाळणारा मी घरातला जबाबदार माणूस!

त्या आठवड्यात जुनी पट्टी पाठीवर सापडेना. आमच्या मिठबाव गावचा घाम, गळून पडली असेल, असं म्हणत मी नवी लावत गेलो.

शनिवारी दुपारी आईने जेवलेलं सगळं ओकून टाकलं. मी जेवणातल्या बांगड्यांना दोष दिला, मग ते मासे आणणाऱ्याला, म्हणजे मलाच. पण थोड्या वेळाने ती ओटीवर बसल्या बसल्या कलंडली. अंग थंड, घामाने चिंब. मनगट धरलं. एक ठोका लागला, पुढचा येईचना. माझीच छाती इतकी धडधडत होती, की नाडी कुणाची बघतोय तेच कळेना.

“आई गो!”

“कोन तू?”

रोज टोचणारा प्रश्न. त्या दिवशी बरा वाटला.

बायको तिला साडी बदलायला आत घेऊन गेली आणि ओरडली, “अवो, हयसर येवा!”

कमरेला एक पट्टी, पोटावर दुसरी. पाठीवर माझी, सकाळची.

“आई, ह्यो कोनी लावल्यो?”

“मियां. न्हाताना काढूक नको? आरशार लावलंय, मगे परत आंगाक चिकटवलंय.”

टिकलीसारखी! जन्मभर न्हाणीतल्या आरशावर टिकली चिकटवून आंघोळ केलेले हात. मुलाचं नाव गेलं, हातांची सवय राहिली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, “तिप्पट औषध गेलंय, त्यानेच नाडी मंदावली. सगळ्या काढा, जागा धुवा, ताबडतोब घेऊन या.” जामसंड्याच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात मी तिचं मनगट सोडलं नाही. दोन ठोक्यांच्या मधे देव, भुतं, सगळ्यांना नवस बोललो.

संध्याकाळी नाडी सुधारली. आई माझ्याकडे बघत म्हणाली, “भियालंस? येवढो दांडगो, नि भियता!”

पट्टी पुन्हा सुरू झाली आहे. आंघोळीआधी मी स्वतः जुनी काढून घेतो, तरी दाराबाहेर उभा राहतो. आत पाण्याचा आवाज थांबला, की दाराला कान लावतो.

“आई, आसंस मां?”

“आसंय रे. खंय जातलंय?”

कुठे जाईल, त्याचीच तर भीती वाटते.