बदली डब्यातली आंधळी बाजू

काचेच्या छपराचा बैठकीचा डबा दुरुस्तीला गेला, म्हणून शिकागोहून निघालेल्या गाडीला या खेपेला जुना बदली डबा जोडला होता. त्यात कॉफी विकणाऱ्या व्हर्नाला चैन पडेना. तिच्या काउंटरमागे उत्तरेकडे खिडकीऐवजी नुसता पत्रा होता, आणि मोन्टानात तिच्या मुलाचं, डेलचं घर रुळांच्या उत्तरेलाच होतं. दारू सोडल्यापासून तो आईचा फोन उचलत नसे. पण तिची गाडी जाताना फाटकापाशी उभा राहून टोपी हलवायचा. टोपी दिसली, की तो सावरलेला आहे एवढं तिला कळायचं.

"कसलं हे खुराडं जोडलंय!" रांगेतले एक आजोबा कुरकुरले.

"मी नाही हो जोडलं, आजोबा. साखर किती?"

घर जवळ आलं, वळणावर गाडी हळू झाली, पण रांग संपेना. व्हर्नाने टोकाच्या खिडकीशी बसलेल्या कंडक्टरला हाक मारली. "ओटिस, निळ्या फाटकाशी कुणी उभं आहे का रे?"

"कुणीच नाही गं."

कॉफी तिच्या हातावर सांडली.

"थांब, थांब! एक येडा गाडीबरोबर पळतोय. प्रत्येक खिडकीत डोकावतोय!"

"टोपी आहे?"

"हातात आहे. पण हलवणार कुणाला?"

रांग तशीच टाकून व्हर्ना धावली. खिडकीशी पोचली, तोवर बाहेर फक्त गव्हाची शेतं होती.

पुढच्या स्टेशनावर तिने फोन लावला. पहिल्याच घंटेला तो उचलला गेला.

"आई, होतीस कुठे तू?" डेल ओरडला.