ज्वारीची खळ

त्या दिशी छापखान्यात आमी पाच जणं हुतो. मालक अण्णा, तेच संपादक. खिळं जुळवनारं दत्तूमामा. मशीनवरचा शंकर. घड्या घालायला सकीनाभाबी. आन मी, हौसा, बायंडिंगला. माझं माहेर उंब्रज, सासर सांगली, शाळा दुसरीपतुर. हे मी सांगती आन नात लिवून घेती.

अण्णा सरकारी कचेरीतनं कागद हातात घिऊन आलं.

"दत्तू, एका बातमीवर रेघ मारली."

"कुठल्या?"

"गव्हाच्या."

दत्तूमामांनी हातातलं खिळं खाली ठेवलं. शंकर मशीनपासनं बाजूला झाला. भाईरची पानं छापून झाली हुती. समदी आठशे.

हे नीट सांगाय पायजे. आणीबाणीचं दिस हुतं. पेपर छापायच्या आदी प्रूफ, म्हंजी कच्ची छापलेली परत, कचेरीत द्यावी लागायची. तितं सायेब वाचनार, शिक्का मारनार, मगच छापायचं. आमचं आठवड्याचं बारकं पत्र. बाजारभाव, येष्टीचं टायम, कुनाचा सत्कार. आमच्या पत्रावर कवा रेघ आली न्हवती, म्हनून अण्णा निर्धास्त झालेलं. त्यात आमच्याकडं खिळं थोडं. खिळं म्हंजी शिशाची अक्षरं. चार पानांना येकदम पुरायचं न्हाईत. पयलं आन चवथं पान आदी छापायचं, ती अक्षरं सोडवायची, मग त्याच अक्षरांनी आतली पानं जुळवायची. लाईट दुपारी जानार हुती. अण्णांनी शिक्क्याची वाट बगितली न्हाई. शंकरला म्हनलं, "घे छापून."

आन चवथ्या पानावर ती बातमी. रेशनच्या दुकानांत दोन म्हैनं झालं गहू न्हाई, येवढीच. दहा वळी.

"दुसरा कागद काढा," शंकर म्हनला.

"कुठला काढू? माझ्या पोटातनं?" अण्णा वरडलं. कागदाचा कोटा सरकार ठरवायचं. त्या म्हैन्याचा संपला हुता. आन अंक दुसऱ्या दिशी टपालात पडायचा हुता. न्हाई पडला तर पेपराला मिळनारं सवलतीचं टपाल बंद हुयाची भीती. बिनशिक्क्याचं छापलं हे कळलं तर छापखान्याला कुलूप. कुलूप लागलं आसतं तर आमी पाच घरं काय करनार हुतो? मालकीन तवा बाळंतपनाला टेकलेली. अण्णा आत गेलं आसतं तर तिच्याकडं कोन बगनार?

दत्तूमामा सरकारच्या बाजूचं. ते म्हनलं, "मी म्हनलोच हुतो, अण्णा, कशाला तसलं लिवायचं? साठेबाज आत गेलं. भाव उतरलं. हाफिसात मानसं येळेवर याय लागली. जरा दम धरा की!"

"भाव उतरले दुकानातल्या फळ्यावर. फळ्याच्या भावानं गहू आणून दाखव मला."

"येतूय की. वाटंत आसंल."

"दोन महिने वाटेत? चालत येतोय का?"

"तुमाला नुसतं खोडी काढायची आसती. नियम नगं तर मग व्यापारी लुटत्यात तवा का रडता?"

"नियम असू दे रे बाबा! पण गहू आला नाही, हे सांगायलासुद्धा नियम?"

दोघं बी खरं बोलत हुतं आसं मला वाटायचं. व्यापारी लुटायचा, ते मी बगितलंवतं. आन माझ्या घरात गहू न्हवता, ते बी मी रोज बगत हुती. पर मला कोन इचारनार?

अण्णा सायकल काढून परत कचेरीत गेलं. छापून झालंय हे त्यांनी सायबाला सांगून टाकलं. घंट्यानं आलं.

"साहेब म्हणाले, या वेळी सोडतो, पण जागा कोरी सोडायची नाही. काळंही फासायचं नाही, तो निषेध होतो. बातमीवर हे चिकटवा म्हणाले." त्यांनी चिट्टी दिली. तिच्यावर लिवलं हुतं, अफवांवर विश्वास ठेवू नका.

दत्तूमामांनी ती वळ मोठ्या टायपात जुळवली. लग्नपत्रिकांच्या उरल्यासुरल्या कागदावर शंकरनं पायानं चालवायच्या बारक्या मशीनवर पट्ट्या छापल्या. मी कापल्या. आता खळ. खळ म्हंजी पिठाचा शिजवलेला चीक. आमी तो मैद्याचा न्हाईतर गव्हाच्या पिठाचा करायचो. कीड लागू नये म्हनून चिमटीभर मोरचूद टाकायचा.

डबा उघडला. डब्यात पीठ न्हवतं. मागल्याच आठवड्यात मी खरवडून संपवलं हुतं.

सकीनाभाबी शेजारच्या बोळातली. ती घरला पळाली आन वटीत ज्वारीचं पीठ घिऊन आली. "हौसाक्का, गहू आमच्यात बी न्हाई. ह्येच हाय."

मी पीठ बगितलं. ज्वारीला चिकटा न्हाई. भाकरी थापताना कडा फुटत्यात, ते उगं न्हाई. ज्वारीची खळ वल्ली हाय तवर खरी. वाळली की पापुद्रा सुटतो. ल्हानपनी मी पाटीच्या चौकटीची फुटकी पट्टी ज्वारीच्याच खळीनं चिकटवलेली, दोन दिवसांत पडली हुती. मला ठावं हुतं.

अण्णा भिंतीला टेकून बसलं हुतं. "झालं का, हौसाबाई? धरतेय का?"

मी येक पट्टी लावली, अंगठ्यानं दाबली, उलटी धरून झटकली. पडली न्हाई.

"धरती," म्या म्हनलं.

आमी पाची जणं चिकटवाय बसलो. संपादक बी बसलं. दत्तूमामा खळ लावता लावता म्हनलं, "हौसा, बेसन घाल जरा, भजी तरी हुतील." अंक येळंवर टपालात गेला. मी घरला गेले, भाकरी थापाय बसले. वाळत आसंल, वाळत आसंल, येवढंच डोक्यात.

चवथ्या दिशी जीप आली. सायेब आन येक शिपाई. सायबाच्या हातात आमचा अंक. त्यांनी तो टेबलावर झटकला. पट्टी वाळल्या पानागत खाली पडली. तिच्या जागी गव्हाची बातमी, नवीकोरी.

"वाचक पट्टी हातात घेऊन फिरतायत," सायेब म्हनलं. "तुम्ही मुद्दाम कच्चं चिकटवलंत. कुलपं आणलीयत मी."

अण्णा फुडं झालं. "चूक माझी आहे. खळ मीच केली."

"न्हाई," म्या म्हनलं. "ती मी केली, सायेब. अण्णांना चा बी करता येत न्हाई."

सायेब माझ्याकडं वळलं. "कशाची केलीस?"

"ज्वारीची."

"गव्हाची का नाही केलीस?"

"गहू न्हवता."

"नव्हता म्हणजे?"

"म्हंजी न्हवता, सायेब. त्येच तर खाली छापलंय."

सायबानं शिपायाला हाक मारली. "जा. कोपऱ्यावरच्या रेशन दुकानातून किलोभर गहू घेऊन ये. माझं नाव सांग. ह्या बाईनं माझ्यासमोर खळ करायची. बघू धरते का."

शिपाई गेला. सायेब खुर्चीवर बसलं. लय येळ झाला. शिपाई मोकळी पिशवी घिऊन आला.

"गहू नाही, साहेब. कधी येईल ते ठाऊक नाही म्हणाला."

सरकारच्या बाजूचं दत्तूमामा खाली बगूनच म्हनलं, "अफवा आसंल, सायेब."

सायबानं त्यांच्याकडं बगितलं. मला वाटलं आता संपलं. पर त्यांनी खिशातनं पेन काढलं. कागदावर काय तरी लिवलं आन अण्णांची सही घेतली. पट्टी मुद्दाम न्हवं, निकृष्ट खळीमुळं सुटली, आसं लिवलंय, अण्णांनी मागनं सांगितलं. जाताना सायेब दारात थांबलं.

"खरं सांग. वाळल्यावर सुटेल, हे तुला माहीत होतं?"

"न्हाई, सायेब."

छापखान्याला कुलूप लागलं न्हाई. पर त्या दिशीपासनं अण्णांना शिक्क्यासाठी दिवस दिवस बाकावर बशीवलं जायचं. अंकाची येळ चुकाय लागली. दोन म्हैन्यांनी अण्णांनी पत्र आपसूक थांबवलं. निवडनुकीनंतर परत काढलं, तवर आमी लग्नपत्रिकांवर भागवलं. दत्तूमामा शेवटपतुर सरकारच्याच बाजूचं ऱ्हायलं, पर गव्हाचं नाव काढलं की खिळं मोजाय लागायचं.

माझ्या कामातलं मी शिकले ते येवढंच. वर चिकटवायचं आसंल तर खाली काय हाय त्येच्या आदी डब्यात काय हाय ते बगावं.

सायबाला मी खोटं सांगितलं. अण्णांना बी कवा खरं सांगितलं न्हाई. ते गेलं आता.

त्या अंकाची येक बी परत माझ्याकडं न्हाई. तुमच्या घरात जुन्या ट्रंकंत, फडताळात तळाला घातलेला तो अंक सापडला, तर रद्दीत टाकू नका. पट्टी ओढून काडू नका. अजून चिकटून हाय का सुटली, तेवढं मला कळवा.