हौदावरचा बगळा

आमच्या नेरूळच्या सोसायटीत एक काका आहेत, ते साधं बोलतच नाहीत. डास चावला तरी म्हणतात, "परिसंस्थेचा समतोल बिघडलाय." लिफ्टमध्ये माझ्या हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली की "कार्बन फूटप्रिंट!" म्हणून असे हळहळतात, की आमच्या घरात कोणी आजारी आहे असं बाकीच्यांना वाटावं.

डासांवर उपाय म्हणून त्यांनी बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडले आणि शेजारी पाटी लावली, 'जिवंत अन्नसाखळी'. आठवड्याभरात खाडीवरून एक बगळा आला आणि साखळी पुढे चालवू लागला. काका खवळले. वॉचमनला म्हणाले, "बाहेरच्याला आत सोडलंच कसं?"

"साहेब, तो गेटवरून येतच नाही."

मग हौदावर जाळी पडली. तरी बगळा काठावर येऊन बसतो आणि काका रोज सकाळी टाळ्या वाजवत त्याला हाकलतात.

परवा मी म्हटलं, "काका, तोही साखळीतलाच ना?"

"म्हणून काय कोणीही यायचं आणि खायचं?"

तेवढ्यात सारसोळ्याची मासळीवाली मावशी टोपली घेऊन गेटवर आली. काका बगळ्याला तसाच सोडून धावले.

"मावशी, पापलेट आधी मला दाखव. बाकीच्यांना नंतर!"