मांजरीचं लायसन

मी सातवीत होते तेव्हा माझ्या वडिलांनी मांजरीसाठी लायसन काढायचं ठरवलं.

निमित्त शेजारच्या काकूंचं. भिलाईतल्या आमच्या क्वार्टरची मागची भिंत आणि त्यांची भिंत एकच. त्या भंडाऱ्याकडच्या, आम्ही नागपूरकडचे, म्हणून दोन्ही घरांचं चांगलं जमायचं. पण एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमची मांजर रोज माझी साय खाऊन राहिली. तिले कोनी मालक आहे का नाही?"

खरं तर मालक कोणीच नव्हतं. एक करडी मांजर आपणहून यायची, आई तिला दूधभात घालायची, एवढंच. पण बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. ज्याची नोंद नाही अशी वस्तू त्यांना सहन होत नसे. काकूंचा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला.

त्या आठवड्यात मार्केटच्या फळ्यावर नोटीस लागली होती, की क्वार्टरमध्ये जनावर पाळणाऱ्यांनी नोंद करावी. ती कुत्र्यांसाठी आहे हे सगळ्यांना कळत होतं. बाबांनाही कळत होतं. तरी त्यांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि कारखान्याच्या वसाहतीचं ऑफिस गाठलं.

तिथले बाबू वयस्कर, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिल्ली का लाइसेंस नहीं होता, बाबूजी."

"लेकिन जिम्मेदारी तो होती है," बाबा म्हणाले.

बाबूंनी थोडा विचार केला. मग कुत्र्याचा फॉर्म काढला, 'कुत्ता' खोडून वर सुवाच्य अक्षरात 'बिल्ली' लिहिलं आणि शिक्का मारला. मागच्या बाजूला अटी होत्या. बाहेर नेताना साखळी हवी, गळ्यात पट्टा हवा, सुई टोचलेली हवी, शेजाऱ्यांना त्रास नको. बाबांनी सगळ्यांखाली सही केली.

सुपेल्याच्या बाजारातून पट्टा आणि सुती दोरी आली. दुसऱ्या दिवशी बाबा तिला दोरीला बांधून फाटकाबाहेर घेऊन गेले. मांजर चार पावलं चालली आणि रस्त्यावर आडवी झाली. बाबा पेरूच्या झाडाखाली दोरी धरून अर्धा तास उभे. जनरल शिफ्टला जाणारा एकेक जण सायकल हळू करून विचारायचा, काय झालं? बाबा सांगायचे, काही नाही, फिरायला आणलं आहे.

मग सुई. जनावरांच्या दवाखान्यात तिला भाजीच्या पिशवीतून नेलं. परत येताना दोघांनाही एकेक इंजेक्शन मिळालेलं होतं, आणि बाबांचा उजवा हात पट्टीत.

त्यानंतर मांजर घरी आलीच नाही. आठ दिवस बाबा संध्याकाळी चहा तसाच सोडून गल्लीगल्लीतून हिंडायचे. आई म्हणाली, "तिले बांधलं कावून तुमी?" बाबांना जेवणही नीट जात नव्हतं.

नवव्या दिवशी काकूंनी भिंतीवरून हळूच मला हाक मारली. त्यांच्या पलंगाखालच्या उघड्या ट्रंकेत, त्यांच्या लग्नाच्या शालूवर, मांजर तीन पिल्लं घेऊन निजली होती. शालू वाया गेलेला. काकू खाली बसून बशीत साय कुस्करत होत्या.

बाबा धावत आले. पिल्लांचा त्रास शेजाऱ्यांना होणं म्हणजे अटीचा भंग, तेव्हा आपण सगळी ट्रंक उचलून नेतो आणि शालूही भरून देतो, असं ते सांगू लागले. काकू वाट अडवून पलंगापुढे उभ्या राहिल्या.

"त्यायचे डोळे उघडेपर्यंत कोनी हात लावाचा नाही," त्या म्हणाल्या. "शालूचं मी पाहीन."

बाबा रिकाम्या हाताने परत आले. पुढे दोन पिल्लं नंदिनी नगरला आईच्या मावसबहिणीकडे गेली. मांजर दोन्ही घरी जेवायला लागली. तिसरं पिल्लू काकूंनी ठेवलं, आणि एका रविवारी त्या त्याच्या लायसनचा अर्ज लिहून घ्यायला बाबांकडे आल्या. बाबांनी अटी वाचून दाखवल्या. साखळीची अट काकूंनी साफ नाकारली, बाकी मान्य केल्या.

मालकाच्या रकान्यात बाबा सवयीने काकांचं नाव लिहू लागले. काकूंनी पेनावर बोट ठेवलं. क्वार्टर त्यांच्या नावावर, रेशनकार्ड त्यांच्या नावावर, हे तरी माझ्या नावावर राहू द्या, असं त्या म्हणाल्या. मग स्वतःच पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर लावत, सही केली.