काळे चमचे आन सोजरबाईचा हात

आमच्या गावात लग्नाची तारीख निंगाली का पयले आचाऱ्याले सांगतात, मंग सोजरबाईले. सोजरबाई म्हंजे माही मोठी जाऊ. जेवनावळीचे गंज, कढया, पराती घासाले तिच्यासारखी बाई वाशीमपासून रिसोडवरी नाई. चुलीवरून उतरलेला काळाकुट्ट गंज तिच्यापुढं ठेवा, राख आन विटेचा चुरा द्या, आन बाजूले सरका. अर्ध्या घंट्यानं त्याच्यात तोंड पाहून कुंकू लावा. मी तिची इतकी तारीफ करून राह्यली, पन तोंडावर कधी करत नाई. डोक्यावर बसते मंग.

यंदा तिच्या हरीओमचं लगन झालं. पोराचं रिसोडले मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आन सून निता वाशीमच्या एका लॅबमंदी रक्त तपासते. रोज एसटीनं जाते-येते. लगनाले महिना नाई झाला तं सोजरबाईच्या डोक्यात किडा शिरला. "धुरपते, हे पोरगी वाशीमले खोली करीन पाहजो. हरीओमलेबी घेऊन जाईन."

मी म्हनलं, "बाई, तिनं म्हनलं का तसं?"

"म्हनत नाई, त्याचंच तं भेव हाये!" आता याले काय म्हनाव बापा!

सुनेचं मन लागलं पाह्यजे म्हून ही सारं हातात नेऊन दे. डब्बा भरे, संध्याकाळी एसटीच्या टाइमाले फाट्यावर जाऊन उभी राहे. माह्यासाठी कोनी उभं राह्यलं नाई कधी.

अशातच निताचं पार्सल आलं. सहा चमचे. काळे कुट्ट, चमक नाई, काई नाई. दुसऱ्या दिवशी ते मांडनीवर ठेवून निता ड्युटीवर गेली, आन सोजरबाईनं कपाळाले हात लावला. "अवो माय, पोरीले कोन्या मेल्यानं जळके चमचे देल्ले!"

मी म्हनलं, "फॅशन असन."

"काजळीची कुठं फॅशन राह्यते का?" बसली नं अंगनात. राख, चुरा, नारळाची शेंडी. दुपार गेली, बोटं सोलले, पन सहाच्या सहा चमचे लखलखीत करूनच उठली.

संध्याकाळी निता आली. चमचे पाह्यले. "आई, हे..." इतकंच बोलली आन आत निंगून गेली. मंग हरीओमनं सांगितलं, ते चमचे काळेच असतात, तिनं आपल्या पगारातून हौसेनं मांगवले होते. सोजरबाईनं मले बाजूले ओढलं. "गेली, धुरपते. आता खोली करतेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरात डोकावली तं पाहते काय! जिनं उभा जनम काजळी काढली, ते बाई चमच्याइले काजळी लावून राह्यली. लेकराच्या काजळासाठी वाटी धरतो तसा तेल लावलेला एकेक चमचा दिव्याच्या वातीवर. मले हासूबी ये आन रागबी. "बयताड झाली का वं?"

"चूप राह्य. धर हा चमचा."

धरला. काय करता!

संध्याकाळी निताच्या ताटात वरन-भात आन काळा चमचा. पयल्या घासाले पोरीचे ओठ काळे, दुसऱ्याले दात काळे. हरीओमले ठसकाच लागला. निता उठून आरशापाशी गेली. आमचा दोघींचा जीव टांगनीले. तं पोरगी हासाले लागली. हासता हासता खालीच बसली.

"आई, याइले काळं करा लागत नाई," डोळे पुसत म्हने. "याइचा रंग वापरून वापरून आपोआप जाते. जिथं अंगठा टेकते तिथून आधी, मंग जिथं ओठ लागते तिथून. घरातल्या मानसाइनं रोज जेवलं तं दहा-बारा वर्सांत सारे पांढरे होतात. मले तेच पाह्याचं होतं. तुमी एका दुपारीच करून टाकलं!"

सोजरबाई चमच्याकडं पाहेच ना. "दहा-बारा वर्सं," म्हने. "कोन्या घरात?"

"याच घरात. आपल्याले दुसरं कोनतं हाये?"

सोजरबाईनं पदराचं टोक पान्यात बुडवलं आन सुनेच्या ओठावरची काजळी पुसाले लागली. हात असा हळू फिरवे का काजळी जाईच ना, उलट गालावर पसरे. इतक्या वर्सांत तिच्या हातानं काळं निंगालं नाई, असं म्या पयल्यांदाच पाह्यलं.